डेव्हिड अब्राहम चेऊलकर : पडद्यावर न आलेले आडनाव

फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले 1954 साली. पहिल्या वर्षी मोजून पाच पारितोषिके होती : चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि संगीतकार. नायक-नायिकेच्या आजूबाजूला उभे राहून चित्रपट तोलून धरणाऱ्या नटमंडळींसाठी त्यात काहीच नव्हते. दुसऱ्या वर्षी, 1955 मध्ये, ही उणीव भरून निघाली आणि सहायक भूमिकांसाठी दोन नवी पारितोषिके आली. स्त्री-भूमिकेचे पहिले पारितोषिक 'बादबान'साठी उषा किरण यांना मिळाले, तर पुरुष-भूमिकेचे 'बूट पॉलिश'साठी डेव्हिड यांना.

उषा किरण माहेरच्या मराठे. त्या आपल्या, हे कुणाला सांगावे लागत नाही. डेव्हिड मात्र आपल्या मनात कुठल्या रकान्यात असतात? बहुतेकांच्या लेखी ते मुंबईचे एक ख्रिस्ती गृहस्थ. काहींना ते पारशी वाटतात. त्यांचे पूर्ण नाव होते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते बेने इस्रायल समाजाचे होते आणि त्यांच्या घराण्याचे गाव म्हणजे अलिबागजवळचे चौल. त्या पहिल्या वर्षी सहायक भूमिकांची दोन्ही पारितोषिके मराठी माणसांकडे आली होती. एकाचे आडनाव पडद्यावर येत नव्हते, म्हणून ते आपल्या लक्षात राहिले नाही, इतकेच.

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळच्या नवगावपाशी फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. पुढे ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पसरली आणि घाण्यावर तेल काढू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. जे गाव राहायचे तेच आडनाव झाले : पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर. बोली मराठी, लुगडी मराठी, आणि एकोणिसाव्या शतकात तर बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. नवस फेडताना एलियाहू पैगंबरांच्या नावाने जो मलिदा करतात, तो पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा असतो. सकाळ पोह्यांनी उजाडणाऱ्या आपल्या माळव्याला ही गोष्ट नक्की आवडेल.

या समाजाचे चित्रपटाशी नातेही जुने. 1931 साली आलेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' ज्यांच्या लेखणीतून उतरला, ते जोसेफ डेव्हिड हेही बेने इस्रायल, आडनावाने पेणकर. नाव अर्धेच उरण्याची गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते.

डेव्हिड यांचा जन्म 1909 चा. मुंबईत शिकून ते पदवीधर झाले, कायद्याचाही अभ्यास केला. पण पदवी मिळाली तरी नोकरी मिळेना. काही वर्षे अशीच गेली. मग नायमपल्ली या चरित्र अभिनेत्याच्या ओळखीने 1937 मध्ये भवनानी यांच्या 'झंबो' या चित्रपटात काम मिळाले. त्यांच्याकडे नायकाचे रूप नव्हते. ठेंगणी, गोलसर मूर्ती आणि पुढे पुढे लखलखणारे टक्कल. पण आवाज स्वच्छ होता, उच्चार नेमके होते आणि डोळ्यांत एक मिश्कील समजूतदारपणा होता. 1941 मध्ये बॉम्बे टॉकीजचा, ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेला 'नया संसार' आला आणि त्यांच्याकडे लक्ष जाऊ लागले. त्यानंतर चाळीस वर्षे ते थांबले नाहीत. शंभराहून अधिक चित्रपटांत त्यांनी कामे केली.

'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा हे त्यांचे सर्वांत मोठे काम. राज कपूर यांची निर्मिती, दिग्दर्शन प्रकाश अरोरा यांचे. आई गेलेली दोन भावंडे, त्यांना भीक मागायला लावणारी काकू आणि शेजारी राहणारे हे लंगडे जॉन चाचा. हा माणूस चोरून दारू विकतो आणि त्याच तोंडाने मुलांना सांगतो की, हात पसरू नका, कष्ट करा. भाबड्या नटाच्या हाती ही भूमिका उपदेशकाची झाली असती. डेव्हिड यांनी तिच्यात थोडी लाज मिसळली. आपण स्वतः सरळ जगू शकलो नाही, निदान ही पोरे तरी जगोत, असे त्या चेहऱ्यावर वाचता येते. तुरुंगातले मन्ना डे यांच्या आवाजातले गाणे पाहावे : टक्कल पडलेले कैदी पावसाची आळवणी करतात, आपल्या डोक्यावरही पीक उगवेल या आशेने. अडाणा रागाच्या भारदस्त सुरावटीत डेव्हिड ती गंमत अगदी गंभीर चेहऱ्याने करतात. आपल्या टकलाला त्यांनी असे कामाला लावले.

अमेरिकेतही दुय्यम नटांना मान मिळायला असाच वेळ लागला होता. ऑस्कर पारितोषिके सुरू झाली 1929 साली, पण सहायक नटांचा विचार 1936 च्या चित्रपटांपासून झाला. त्यातले पहिले पारितोषिक वॉल्टर ब्रेनन यांना मिळाले आणि पुढच्या चार वर्षांत आणखी दोन. हॉलीवूडच्या त्या काळात मोठे स्टुडिओ अशा नटांना पगारावर ठेवत. आज दुकानदार, उद्या न्यायाधीश, परवा नायिकेचा मामा. बेस फ्लॉवर्स नावाची एक अभिनेत्री 800 हून अधिक चित्रपटांत दिसली, बहुतेकांत नावाशिवाय. आपल्याकडे पगारी स्टुडिओंचा काळ लवकर मावळला, त्यामुळे डेव्हिड यांच्यासारख्यांना प्रत्येक काम नव्याने मिळवावे लागे. त्यांची पुंजी एकच : लोकांना ओळखीचा वाटणारा चेहरा.

या दोन जगांची गाठही डेव्हिड यांच्या कारकिर्दीत एकदा पडली. 1963 मध्ये मार्क रॉबसन यांचा 'नाइन अवर्स टू रामा' आला. गांधीहत्येच्या दिवसावरचा हा इंग्रजी चित्रपट. होर्स्ट बुखोल्झ आणि होजे फेरर यांच्यासारखी परदेशी नावे मुख्य भूमिकांत आणि आपल्याकडचे अनेक नट छोट्या भूमिकांत. डेव्हिड त्यात पोलीस अधिकारी झाले. ज्या कादंबरीवर तो बेतला होता, तिच्यावर आणि चित्रपटावरही भारतात बंदी आली. त्यामुळे डेव्हिड यांचे हे परदेशी काम त्यांच्या स्वतःच्या देशातल्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहात पाहिलेच नाही.

त्याआधी, 1957 मध्ये, अब्बास यांनी रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांच्याबरोबर 'परदेसी' केला होता. पंधराव्या शतकात बहामनी राज्यात आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन याची ती कथा. बलराज साहनी, नर्गिस, पृथ्वीराज कपूर यांच्या त्या नामावलीत डेव्हिडही आहेत. हा निकितिन समुद्रमार्गे येऊन हिंदुस्थानात जिथे उतरला, ते बंदर होते चौल. म्हणजे ज्या किनाऱ्याने चेऊलकरांना आडनाव दिले, त्याच किनाऱ्याची गोष्ट हा चेऊलकर पडद्यावर सांगत होता, आणि नामावलीत त्याचे नाव फक्त 'डेव्हिड' होते.

त्यांच्या भूमिकांची नावे पाहिली तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. 'बूट पॉलिश'मध्ये ते जॉन, 'अनुपमा'त मोझेस, 'बातों बातों में'मध्ये टॉम अंकल. 'चुपके चुपके'त हरिपत भैया, तर 'गोलमाल'मध्ये डॉक्टर केदार. 'गोलमाल'चा सगळा गोंधळ सुरू होतो तो या डॉक्टरमामांपासून. भवानीशंकरच्या आवडीनिवडी तेच भाच्याला सांगतात आणि मग खादीचा आखूड सदरा घालून रामप्रसाद मुलाखतीला निघतो. हृषीकेश मुखर्जी यांना हा नट पुन्हा पुन्हा हवासा वाटला, यात नवल नाही. कुठल्याही घरात, कुठल्याही धर्माच्या दिवाणखान्यात तो वडीलधारा म्हणून शोभे. कोकणात शतकानुशतके शेजाऱ्यांत मिसळून, तरी आपला शनिवार पाळून राहिलेल्या समाजाचा हा माणूस होता. सगळ्यांचा काका होण्याची कला त्याला कुठल्या नाट्यशाळेत शिकावी लागली नसावी.

पडद्याबाहेर ते उत्तम वक्ते होते. फिल्मफेअरच्या सोहळ्यांचे सूत्रसंचालन त्यांनी अनेक वर्षे केले. 1969 मध्ये पद्मश्री मिळाली. लग्न त्यांनी केले नाही. अखेरच्या काळात ते कॅनडात गेले आणि 1981 साल सरता सरता टोरंटोमध्ये त्यांचे निधन झाले. 'गोलमाल' आणि 'बातों बातों में' ही दोन्ही 1979 ची. म्हणजे अगदी शेवटपर्यंत लोक त्यांना हसून दाद देत होते.

याच रांगेत आणखीही आपली माणसे आहेत. 'दो बीघा ज़मीन'मधले म्हातारे वडील झालेले नाना पळशीकर यांना पुढे 'कानून' आणि 'शहर और सपना'साठी हेच पारितोषिक मिळाले. 'अनाडी'तल्या मिसेस डिसासाठी ललिता पवार यांना मिळाले. आणि माळव्याच्या अभिमानासाठी सांगायचे तर 'मधुमती'साठी ते इंदूरच्या बद्रुद्दीन काझी यांनाही मिळाले. त्यांना जग जॉनी वॉकर म्हणून ओळखते.

बागली, देवास, धार, इंदूरकडच्या आपल्या मराठी घरांना आडनावाचे मोल वेगळे सांगायला नको. पवार, होळकर, शिंदे यांच्या काळात घाट आणि नर्मदा ओलांडून आपले पूर्वज इकडे आले. गाव तिकडे राहिले, आडनाव तेवढे बरोबर आले. दाराबाहेर आपण हिंदी आणि माळवी बोलतो, आत मराठी. 1948 नंतर हजारो बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे दाराबाहेर हिब्रू आली, पण 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. चौल-पेण सोडून इतक्या दूर गेलेली ही माणसे आणि आपण यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

गणपतीच्या सुटीत घरातली सारी मंडळी एकत्र बसून 'गोलमाल' लावतील, तेव्हा डॉक्टरमामा पडद्यावर येताच नातवंडांना त्यांचे पूर्ण नाव सांगावे : डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मुक्काम चौल, जिल्हा कुलाबा.