कॅलिफोर्निया राज्य उद्याने : निधीसाठी नागरिकांचा दबाव

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील उद्यानांची आर्थिक तरतूद टिकावी म्हणून नागरिकांनी सॅक्रामेंटो येथील विधिमंडळावर वेळोवेळी आणलेला संघटित दबाव. बिग बेसिन येथील रेडवुड वृक्षांच्या रक्षणासाठी 1902 मध्ये तेथे पहिले राज्य उद्यान स्थापन झाले. 1928 मध्ये मतदारांनी 60 लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली आणि उद्यानव्यवस्थेचा पाया पडला. सध्या उद्यानांची संख्या सुमारे 280 आहे. सेव्ह द रेडवुड्स लीग (स्थापना 1918) आदी संस्थांनी जमिनी मिळवण्यासाठी केलेली खटपट सर्वपरिचित आहे. मिळालेल्या जमिनीवर पहारा, पाणी आणि स्वच्छतागृहे यांचा दरवर्षीचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत नोंद त्याच्यापुरती आहे.

टाळे लावण्याचे प्रस्ताव : तुटीच्या वर्षांत उद्याने बंद करण्याचा प्रस्ताव येई आणि विरोध झाला की तो मागे पडे. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी 2008 मध्ये 48, तर 2009 मध्ये सुमारे 220 उद्याने बंद करण्याचे सुचवले. दोन्ही वेळा माघार घ्यावी लागली. या माघारीचे श्रेय सहसा पत्रे, शिष्टमंडळे आणि कॅलिफोर्निया स्टेट पार्क्स फाउंडेशन (स्थापना 1969) या संस्थेला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. काही जमिनी केंद्र सरकारकडून उद्यानाच्या अटीवर मिळालेल्या होत्या, आणि उद्याने बंद केल्यास त्या परत घेतल्या जाऊ शकतात, असे राष्ट्रीय उद्यान सेवेने 2009 मध्ये राज्याला कळवले होते. कायद्याची अशी अडचण समोर असली की नागरिकांच्या अर्जाचे वजन वाढते. गव्हर्नर ब्राउन यांच्या काळात वार्षिक 2.2 कोटी डॉलरची कपात ठरली आणि मे 2011 मध्ये 70 उद्यानांची यादी जाहीर झाली. त्याच वर्षी ना-नफा संस्थांना उद्याने चालवू देणारा कायदा झाला. त्यामुळे अनेक उद्याने उघडी राहिली, पण राज्याचा खर्च देणगीदारांच्या गळ्यात पडला.

दडवलेली शिल्लक : जुलै 2012 मध्ये राज्याच्या उद्यान विभागाच्या दोन निधींत मिळून सुमारे 5.4 कोटी डॉलर अर्थखात्याला न कळवता पडून असल्याचे उघड झाले आणि विभागाच्या संचालकांनी राजीनामा दिला. त्यांपैकी सुमारे 2 कोटी मुख्य उद्यान निधीतील होते; ही रक्कम जाणूनबुजून दडवली गेल्याचे ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाच्या चौकशीत आढळले. उरलेली रक्कम आडरस्त्यावरील वाहनांसाठीच्या निधीतील असून तिच्या बाबतीत हिशेबपद्धतींतील फरकाचेही कारण दिले जाते. म्हणजे ज्या कपातीविरुद्ध नागरिक झोळी घेऊन फिरत होते, तिच्या एका वर्षाच्या रकमेइतके पैसे विभागाच्याच खात्यात होते. येथे या प्रकारच्या दबावाची मूळ उणीव दिसते : नागरिक ज्या विभागाची बाजू मांडतात, त्याच्याच आकड्यांवर त्यांना विसंबावे लागते. सप्टेंबरमध्ये विधिमंडळाने उद्याने बंद करण्यास दोन वर्षांची स्थगिती दिली.

आक्षेप : पहिला आक्षेप असा, की जनतेलाच हा खर्च नको होता. वाहननोंदणीवर वार्षिक 18 डॉलर अधिभार लावून सुमारे 50 कोटी डॉलर उभारणारा प्रस्ताव क्र. 21 नोव्हेंबर 2010 मध्ये सुमारे 57 टक्के मतदारांनी फेटाळला, हे खरेच. परंतु ते मंदीचे वर्ष होते आणि कौल उद्यानांइतकाच गाडीवरील कराविषयीही होता. याच मतदारांच्या राज्यात जून 2018 मध्ये उद्याने, पाणी व पर्यावरण यांसाठीचे 4.1 अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले. फरक असा, की रोख्यांचा पैसा मुख्यतः खरेदी व बांधकामाला जातो. रखवालदाराचा पगार त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप शाळा आणि रुग्णालयांच्या प्राधान्याचा आहे. कपातीच्या वेळच्या सुमारे 86 अब्जांच्या सर्वसाधारण निधीत 2.2 कोटी म्हणजे किरकोळ रक्कम, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. पण प्रत्येक छोटे खाते हेच सांगते, म्हणून ते पुरेसे नाही. अधिक पक्के उत्तर असे, की दुरुस्ती लांबवल्याने खर्च वाचत नाही, थकबाकी वाढते. मात्र थकबाकीला छायाचित्र नसते; बंद फाटकाला असते. आमदार फाटकासाठी धावले, थकबाकीसाठी क्वचितच.



मूल्यमापन : बंदी टाळण्यात हा दबाव यशस्वी ठरला, नियमित तरतूद मिळवण्यात फारसा नाही. दरवर्षी मिळणारे नवे उत्पन्न विभागाकडे आले ते 2017 च्या इंधनकर-वाढीतून, नौका व आडरस्त्यावरील वाहनांच्या इंधनाच्या वाट्यापोटी. आणि तो कायदा मुळात रस्तेदुरुस्तीसाठी केलेला होता.