कानाने ओळखलेली झडप : पॅरिस ते भायखळा

१/ हृदयाच्या झडपा जिवंत माणसात दिसत नसत, त्या काळी त्यांचा बिघाड कानाने ओळखण्याची विद्या जन्माला आली. ती मुंबईत कशी पोहोचली आणि कोठे अडखळली, याचा हा इतिहास.

२/ १८१६, पॅरिसचे नेकेर रुग्णालय. हृदयविकाराच्या तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीला कान लावणे रने लेनेक यांना अप्रशस्त वाटले. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी करून ऐकले; ठोके अधिक स्पष्ट आले. पुढे सुरळीची जागा लाकडी नळीने घेतली. हाच पहिला स्टेथोस्कोप.

३/ परंतु ऐकू येणे वेगळे आणि अर्थ कळणे वेगळे. भात्याच्या फुंकरीसारखा आवाज लेनेक यांनी नोंदवला; त्याचे कारण मात्र त्यांनी झडपांऐवजी स्नायूंच्या आचक्यात शोधले. १८२६ मध्ये त्यांचे निधन झाले.

४/ १८३०च्या दशकात लंडनचे जेम्स होप आदींनी प्राण्यांवरील प्रयोग आणि शवविच्छेदन यांच्या आधारे आवाजाचा संबंध झडपांशी जोडला.

५/ झडप अरुंद झाली की रक्त चिंचोळ्या वाटेने रेटले जाते. ती नीट मिटली नाही की रक्त मागे गळते. प्रवाह खळबळतो आणि ‘मर्मर’ उमटतो. तो कोणत्या ठोक्यानंतर येतो, छातीवर कोठे ठळक असतो, बगलेकडे पसरतो की मानेकडे, यावरून बिघडलेली झडप ताडता येते.

६/ पॅरिसमध्ये पिएर लुई यांच्याकडे शिकलेले चार्ल्स मोरहेड १८२९ मध्ये मुंबईच्या वैद्यकीय सेवेत आले. १८४५ मध्ये भायखळ्याला सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे ते पहिले प्राचार्य. शेजारच्या जे. जे. रुग्णालयात विद्यार्थी खाटेजवळ उभे राहून शिकू लागले. १८५१ मध्ये पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

७/ तरीही एक समज टिकून राहिला : घशाच्या संसर्गानंतर येणारा आणि झडपा निकामी करणारा संधिवाताचा ताप उष्ण प्रदेशात विरळा असतो. १९६३ मध्ये दिल्लीच्या सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की भारतात कोवळ्या वयातच मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आढळतात.

८/ आज इकोकार्डिओग्राफी कानाला न सापडणारा बिघाडही दाखवते. पण मालवणजवळच्या धामापूरसारख्या गावात पहिली शंका अजूनही स्टेथोस्कोपच उपस्थित करू शकतो. मात्र ऐकणाऱ्याने ‘हा आजार इकडे नसतो’ असे आधीच ठरवलेले नसावे.