वाणिज्य-पदवीचा उंबरठा : मुंबई, १९१३ ते २०२४

कोणत्याही विद्याशाखेचा इतिहास तिच्या पाठ्यक्रमाइतकाच तिच्या प्रवेशाच्या अटींतूनही वाचता येतो. काय शिकवावे हे पाठ्यक्रम सांगतो; कोणाला शिकवावे हे प्रवेशाची अट ठरविते. मुंबईतील वाणिज्य-पदवीचा या दृष्टीने विचार केला असता असे दिसून येते की, पदवीची नावे बदलली आणि परीक्षाही बदलल्या. परंतु उंबरठ्यावर विचारली जाणारी भाषा बहुतांशी एकच राहिली.

पदवी निघण्यापूर्वी व्यापारविद्या नव्हती, असे अर्थातच नव्हे. पेढीवर उमेदवारी करणारा मुलगा रोजकीर्द लिहिण्यास शिके, तीवरून खतावणी करी आणि हुंडीचा व्यवहार वडीलधाऱ्यांच्या हाताखाली समजून घेई. मराठी हिशेब बहुधा मोडीत लिहिले जात. ‘जमा’ आणि ‘खत’ हे शब्द मूळचे अरबी. ते फारसीच्या वाटेने दप्तरात आले आणि दप्तरातून बाजारात रुळले. ही विद्या पूर्णपणे देशी भाषांत नांदत होती. तथापि तिचा उंबरठा अत्यंत अरुंद होता. पेढीवर कोणास बसवावयाचे हे नातेगोते, जात आणि ओळख यांवर ठरत असे.

१९१३ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि गव्हर्नर लॉर्ड सिडनॅम यांचे नाव लाभलेल्या वाणिज्य महाविद्यालयाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. ही पदवी त्याच सुमारास रूढ झाली. येथे प्रवेशासाठी कुळ नव्हे, तर परीक्षा पाहिली जाऊ लागली. डॉ. भीमराव आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात याच महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्मामुळे ज्यांना पेढीवर स्थान मिळणे दुरापास्त होते, ते येथे व्यापाऱ्यांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवीत होते. परंतु या नव्या उंबरठ्याचीही एक अट होती. अध्यापन व परीक्षा इंग्रजीत असल्यामुळे जातीची अट शिथिल होताच भाषेची अट पुढे आली. ज्यास रोजकीर्द लिहिता येत होती त्यास, इंग्रजी येत नसल्यास, येथे जागा नव्हती.

पुढील काळात अंतराची अडचण कमी झाली. माटुंग्याचे पोदार महाविद्यालय १९४१ साली आणि पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली निघाले. पुण्याच्या विद्यार्थ्यास ही पदवी आपल्या गावी राहून घेणे शक्य झाले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पुरस्कारिलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारल्यावर निवडीचे वय बदलले. दहावी संपताच, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी, विद्यार्थ्यास कला, विज्ञान आणि वाणिज्य यांतून एक वाट धरावी लागली. याच कालखंडात काही विद्यापीठांनी बी.कॉम.ची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा दिली. नावे आणि जमा हे शब्द पेढीवरून निघून प्रथमच पदवीच्या उत्तरपत्रिकेत पोहोचले.

१९९९ साली मुंबई विद्यापीठाने ‘बी.एम.एस.’ ही व्यवस्थापनाची त्रैवार्षिक पदवी सुरू केली. येथील शब्दबदल लक्षणीय आहे. ‘वाणिज्य’ हा शब्द ‘वणिज्’पासून, म्हणजे स्वतः व्यापार करणाऱ्यापासून आला, ‘व्यवस्थापन’ हा शब्द दुसऱ्याच्या उद्योगाची घडी बसविणाऱ्याकडे बोट दाखवितो. तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना ही पदवी मोकळी असल्याने दहावीनंतरची निवड अंतिम राहिली नाही, हा मोठाच लाभ होय. परंतु बी.कॉम.ला काही ठिकाणी मिळालेली मराठीची सवलत या पदवीच्या वाट्यास आली नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने व्यवस्थापनाच्या पदव्या आपल्या कक्षेत घेतल्यावर २०२४ साली महाराष्ट्रात बी.बी.ए., बी.एम.एस. इत्यादींसाठी पहिली सामाईक प्रवेश परीक्षा झाली. शंभर प्रश्नांपैकी चाळीस इंग्रजी भाषेचे होते. उरलेले तर्कबुद्धी, सामान्यज्ञान व संगणकाची मूलतत्त्वे यांवर होते. हिशेबशास्त्र हा विभागच नव्हता. जागा रिकाम्या राहण्याची चिन्हे दिसू लागल्याने त्याच वर्षी दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. मुंबईतील काही महाविद्यालयांनी तर ‘बी.एम.एस.’चे नाव सोडून ‘बी.कॉम. (व्यवस्थापन)’ अशा स्वरूपाचे नाव धारण केले, कारण बी.कॉम.ला ही परीक्षा लागू नव्हती. विषय जवळपास तोच राहिला. नाव बदलताच उंबरठा उतरला. संज्ञेचा असा व्यावहारिक परिणाम शैक्षणिक इतिहासात क्वचितच इतका उघडपणे दिसतो.

यावरून एक निष्कर्ष निघतो. पदवी निवडणारा विद्यार्थी वस्तुतः केवळ विषय निवडीत नाही; तो एक भाषाही निवडतो, आणि पुष्कळदा ती निवड त्याच्या शाळेने आधीच केलेली असते. सामाईक परीक्षेने गुणवत्तेची एक मोजपट्टी आणली, हे मान्यच करावे लागेल. परंतु मराठी माध्यमातून बारावीपर्यंत हिशेबशास्त्र उत्तम शिकून आलेल्या तालुक्याच्या विद्यार्थ्याचे ते ज्ञान या मोजपट्टीवर उमटत नाही. पेढीने कुळ विचारले, १९१३ च्या महाविद्यालयाने इंग्रजी विचारली, २०२४ च्या परीक्षेनेही इंग्रजीलाच सर्वांत मोठा वाटा दिला. रोजकीर्द येते काय, हा प्रश्न मात्र फक्त पेढीनेच विचारला होता.