हर्मनची टेकडी आणि मिरीची माती

अहमदनगरच्या मिशनचा इतिहास सांगणारे बहुधा शाळा, इस्पितळे आणि १८४२ साली निघालेले ‘ज्ञानोदय’ यांची जंत्री देऊन थांबतात. परंतु या इतिहासाच्या मुळाशी जे विशी-पंचविशीतले तरुण होते, ज्यांनी सातासमुद्रापलीकडे एखाद्या डोंगराच्या कुशीत चार दिवस एकत्र काढून आपल्या आयुष्याची दिशा ठरवली आणि अखेर नगरास, सीना नदीच्या काठी, येऊन बिऱ्हाड थाटले, त्यांच्या मनाचा शोध घेण्याचे फारसे कोणी मनावर घेतलेले नाही. मला तोच शोध अधिक मोलाचा वाटतो.

त्याचा आरंभ १८०६ सालचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्सटाउन नावाचे डोंगरांनी वेढलेले एक गाव आहे. तेथील महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी माळावर जमले असता वादळी पावसाने गाठले, आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी आशिया खंडात जाऊन धर्मप्रसार करण्याचा निश्चय केला. त्यातून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली, १८१३ साली त्याच महाविद्यालयाचा गॉर्डन हॉल मुंबई बंदरात उतरला, आणि १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्वी हे तिघे मिशनरी नगरास येऊन दाखल झाले. पुढच्या उन्हाळ्यात हर्वी पटकीने दगावला. हॉल तर त्याआधीच, १८२६ साली, नाशिककडच्या फिरतीत त्याच रोगाला बळी पडला होता. ग्रेव्ह्जची प्रकृती ढासळली तेव्हा तो महाबळेश्वरी, म्हणजे त्या काळच्या माल्कमपेठेत, जाऊन राहिला आणि १८४३ च्या अखेरीस तेथेच निवर्तला.

अव्वल इंग्रजीतल्या या मंडळींना डोंगर हवा असे तो असा, देह वाचविण्यासाठी. नेवाशाजवळच्या वडाळ्यास दीर्घकाळ राहिलेले मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनी मात्र डोंगरातल्या मुक्कामातही डोळे उघडे ठेवले आणि पक्षिशास्त्रात अशी गती मिळविली, की दक्षिणेतील पलनीच्या डोंगरात आढळणाऱ्या एका पक्ष्यास १८६९ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

देहासाठी नव्हे, तर संकल्पासाठी डोंगराची वाट धरणारी पिढी पुढे आली, आणि तिचाही धागा नगराशीच जुळतो. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८४६ पासून १८५२ पर्यंत नगरास होते. तेथून ते कोल्हापुरास गेले, आणि १८६३ साली तेथेच त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले, तरी म्हाताऱ्या वाइल्डरांचे चित्त या मुलखातच गुंतलेले राहिले. त्यांच्या घरी एका खोलीत रॉबर्ट आणि त्याचे सोबती परदेशसेवेविषयी विचारविनिमय करीत बसत आणि शेजारच्या खोलीत त्याची बहीण ग्रेस त्यांच्यासाठी प्रार्थना करीत असे. १८८६ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधीलच माउंट हर्मन या टेकडीवरच्या शाळेत मूडी या धर्मोपदेशकाने विद्यार्थ्यांचे शिबिर भरविले. तिकडे जाण्यास निघालेल्या भावाला, तेथे शंभर जण पुढे येतील, असे ग्रेसने सांगितले होते.

त्या शिबिरात २५१ विद्यार्थी जमले आणि मुक्काम जवळजवळ महिनाभर चालला. एका रात्री निरनिराळ्या देशांच्या वतीने तरुणांनी भाषणे केली. हिंदुस्थानच्या वतीने उभा राहिला तो कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट. मुक्काम हलण्याच्या वेळेपर्यंत ९९ जणांनी परदेशसेवेचे संकल्पपत्र स्वीकारले होते. निरोपाची प्रार्थना चालू असताना शंभरावा आत आला आणि गुडघे टेकून त्यांच्यात मिसळला. पुढच्या वर्षभरात रॉबर्ट आणि लाहोरच्या मिशनऱ्याचा पुत्र जॉन फोरमन यांनी महाविद्यालये पालथी घालून दोन हजारांवर तरुणांची नावे मिळविली. ग्रेस आईसह कोल्हापूर भागात परतली. रॉबर्टही हिंदुस्थानात येऊन विद्यार्थ्यांत काम करू लागला.

या चळवळीचे ब्रीद असे होते, की सर्व जगास सुवार्ता पोहोचवावयाची ती याच एका पिढीत. त्या तरुणांच्या त्यागापुढे माझे मस्तक नम्र होते. तथापि या ब्रीदातली घाई मला आजही खटकते. ज्या माणसांना काही सांगावयाचे, त्यांच्या ओसरीवर बसण्यास, त्यांची ओवी आणि त्यांचा अभंग कानी पडण्यास, एक पिढी कशी पुरावी? तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक नगर जिल्ह्यातच वर्षानुवर्षे वावरले, आणि १९१७ साली मिशनच्या पगारी चाकरीतून मोकळे होऊन त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. परकीयांनी येथे कसे वागावे, याचा धडा जणू त्यांनी घालून दिला.

तो धडा ज्याने मनापासून गिरविला, तो जॅक विन्स्लो हा इंग्रज धर्मगुरू. टिळकांचे चरित्र त्याने १९२३ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. पण त्याआधीच, ११ जून १९२२ रोजी, नगर जिल्ह्यातील मिरी या गावी काही भारतीय तरुणांना बरोबर घेऊन त्याने ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली होती. मिरीला ना हर्मनची टेकडी, ना महाबळेश्वरचा गारवा. हा सारा कोरडवाहू, अवर्षणाचा मुलूख. अंगात खादी, अनवाणी पाय, जेवण शाकाहारी आणि तेही भुईवर मांडी घालून, आणि या साऱ्यात गोरा-काळा हा भेद नाही. आज हे साधे वाटेल. पण ज्या काळी साहेबाच्या बंगल्यात एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला खुर्ची मिळेलच याची शाश्वती नव्हती, त्या काळी एकाच पंगतीला बसणे हीच केवढी कठोर साधना होती!

१९२७ साली संघाने पुण्यास आश्रम थाटला आणि त्याच वर्षी विलायतेहून तरुणांची एक तुकडी येऊन मिळाली. तीत विद्यार्थी-ख्रिस्ती-चळवळीत काम केलेला अल्गी रॉबर्टसन होता, आणि ऑक्सफर्डचा पंचविशीतला व्हेरियर एल्विनही होता. एल्विनने पुढे गांधीजींचा मार्ग धरला, आणि संघातच भेटलेल्या शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन १९३२ च्या आरंभी तो तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजियास गोंडांच्या वस्तीत राहावयास गेला. शामरावांचे बंधू डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली नगरास महाविद्यालय काढले, हे नगरकरांस ठाऊकच आहे.

रॉबर्टसन प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतला. परंतु जाताना संघाची आचारतत्त्वे त्याने बरोबर नेली, आणि १९३७ साली इंग्लंडात संत फ्रान्सिसच्या नावाने जो साधुसंघ एकवटला, त्याने ती आपली म्हणून पत्करली. डॉर्सेट परगण्यात हिलफील्ड येथे, डोंगरउताराच्या पायथ्याशी, त्या संघाचा मठ आहे. महिन्याच्या प्रत्येक दिवसाला त्या तत्त्वांतला एक भाग नेमून दिलेला असून, त्या त्या दिवशी तो तेथे मोठ्याने वाचला जातो.