स्वतंत्र व्यावसायिकाचे पहिले विवरणपत्र

नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय थाटणारे वकील, डॉक्टर, वास्तुविशारद आदींसाठी 2016 मध्ये प्राप्तिकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची तरतूद आली. 2025 च्या कायद्यातही ती कायम आहे. वर्षाची जमा 50 लाख रुपयांपर्यंत (रोखीचा वाटा 5 टक्क्यांहून अधिक नसल्यास 75 लाखांपर्यंत) असल्यास निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. हिशेबवह्यांची सक्ती नाही. मात्र कचेरीचे भाडे, संगणकाचा घसारा मग वेगळा वजा होत नाही.

नवख्यांची फसगत होते ती दुसरीकडेच. अशिलाने शुल्कातून 10 टक्के करकपात केली, म्हणजे कर भरून झाला, असे समजून ते निर्धास्त राहतात. कपातीनंतरचे देणे 10 हजार रुपये वा अधिक असल्यास ते 15 मार्चपर्यंत अग्रिम भरावे लागते. अन्यथा व्याज लागते.