रोमन नागरिकाचा विधिलोप

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस याने ज्याचे तीन प्रकार सांगितले आहेत, तो ‘कापितिस देमिनूतिओ’, म्हणजे व्यक्तीच्या कायदेशीर अस्तित्वाचा संकोच, स्वातंत्र्य, नागरिकत्व आणि कुटुंबातील स्थान यांपैकी काय गेले यावरून लहानमोठा ठरत असे. नागरिकत्व तेवढे गमावणारे हद्दपार. त्यांना रोमच्या हद्दीत अग्नी व पाणी देण्याची मनाई असे.

सर्वांत दारुण अवस्था युद्धकैद्याची. शत्रूच्या हाती सापडलेला मनुष्य, मग तो सेनानी असो वा साधा शिपाई, खुद्द रोमच्याच कायद्याने गुलाम ठरे. परंतु तो स्वदेशी परतला, तर मिळकत व हक्क जणू कधी गेलेच नव्हते अशा रीतीने त्यास पुनश्च प्राप्त होत, विवाह मात्र आपोआप जुळत नसे. आणि कैदेतच मेला तर? गुलामाचे मृत्युपत्र निरर्थक. म्हणून रोमचा हुकूमशहा सुल्ला याच्या काळातील कॉर्नेलियन कायद्याच्या आधारे, तो पकडला गेला त्याच क्षणी नागरिक म्हणून निवर्तला, असे मानून वारसांची वाट मोकळी केली जाई. कायद्याने जाणूनबुजून सांगितलेल्या असत्यांत याहून दयाळू असत्य मला तरी आढळले नाही.

कुटुंबातील स्थान तेवढे बदलले तरी संकोच होई: स्वतंत्र कर्ता पुरुष दत्तक गेला, की त्याची जुनी कर्जेही बहुधा लुप्त होत. पुढे प्रेटर या न्यायाधिकाऱ्याने, दत्तकविधान घडलेच नाही असे गृहीत धरून, सावकारांना फिर्यादीची मुभा दिली.

शिक्षेपायी जन्मतः स्वतंत्र मनुष्याने गुलाम व्हावे, ही तरतूद सम्राट जस्टिनियनने 536 साली रद्द केली.