लिस्ट्रोसॉरस

पर्मियन कालखंडाच्या अखेरीस आणि ट्रायासिकच्या आरंभी, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वावरणाऱ्या शाकाहारी प्राण्यांची एक निर्वंश प्रजाती. डायसिनोडॉन्ट गटातील या प्राण्यांची गणना पूर्वी सस्तनसदृश सरीसृपांत होई. आता ते सिनॅप्सिड शाखेत मोडतात. सस्तन प्राणीही याच शाखेतले, मात्र लिस्ट्रोसॉरस त्यांचा थेट पूर्वज नव्हे. प्रजातीला हे नाव एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञाने १८७० मध्ये दिले.

बऱ्याचशा जाती डुकराएवढ्या होत्या, काही त्याहून मोठ्या. धड फुगीर, पाय आखूड पण भक्कम, शेपूट तोकडी. मुस्कट डोळ्यांपुढे एकदम खाली वळलेले असे. तोंडात वरच्या दोन सुळ्यांखेरीज दात नव्हते. पाला खुडण्याचे काम कठीण चोच करी. सुळे जन्मभर वाढत असल्याने त्यांच्या आडव्या छेदात वाढीची वलये दिसतात. अंटार्क्टिकातील सुळ्यांच्या अशा छेदांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत वाढ दीर्घकाळ मंदावल्याच्या जाड रेघा आढळल्या. दक्षिण आफ्रिकेतील सुळ्यांत तशा नव्हत्या. ध्रुवाजवळचा अंधारा हिवाळा हे प्राणी सुप्तावस्थेत काढत असावेत, असे त्यावरून दिसते.

पर्मियनअखेरच्या महाविलोपनात जमिनीवरील बहुतेक मोठे प्राणी नष्ट झाले. सायबेरियातील प्रचंड ज्वालामुखी उद्रेक हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. लिस्ट्रोसॉरस मात्र तगला आणि फोफावला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यातील त्यानंतरच्या काही थरांत पृष्ठवंशी जीवाश्मांपैकी बहुसंख्य एकट्या त्याचेच आहेत. बिळे खोदण्याची सवय, मिळेल तो पाला खाणे, लवकर वयात येणे अशी कारणे सुचवली गेली आहेत. यांपैकी एकच कारण पुरेसे मानणे योग्य नाही.

भूविज्ञानात या प्रजातीचे महत्त्व तिच्या विस्तारामुळे आहे. आफ्रिका, भारत, चीन, रशिया इतक्या दूरदूरच्या प्रदेशांत तिचे अवशेष मिळाले. डिसेंबर १९६९ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ एडविन कोलबर्ट यांच्या तुकडीला ते अंटार्क्टिकातील कोलसॅक ब्लफ येथेही सापडले. जमिनीवरचा हा जड प्राणी महासागर पोहून जाणे अशक्य. त्यामुळे दक्षिणेकडील खंड एकेकाळी गोंडवनभूमीत जोडलेले होते, या मताला भक्कम आधार मिळाला. भारतात त्याचे जीवाश्म पश्चिम बंगालमधील राणीगंज कोळसाक्षेत्रात, दामोदर खोऱ्यातील पंचेत शैलसमूहात मिळतात.